स्नो व्हाइटचं गाणं जॅझवाल्यांच्या हाती

जॅझमध्ये 'स्टँडर्ड' कशाला म्हणायचं याची एक सोपी कसोटी आहे. एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक मंचावर आले, एकानं गाण्याचं नाव घेतलं, दुसऱ्यानं पट्टी विचारली, तिसऱ्यानं टिचक्या वाजवून लय दिली आणि समोर कागद नसताना चौघं सुरू झाले, की ते गाणं स्टँडर्ड. आपल्याकडे तबलजी आणि पेटीवाला ऐनवेळी आले तरी यमनातली एखादी बंदिश उभी राहते, तसंच हे. या गाण्यांतली कितीतरी मुळात अमेरिकन चित्रपटांतली आहेत, पडद्यावरच्या एखाद्या प्रसंगासाठी लिहिलेली, दोन-तीन मिनिटांची. ती तिथून निघून जॅझच्या बैठकीत कशी पोचली आणि त्यांच्याच शेजारची गाणी मागे का राहिली, हे एकाच गाण्याचा माग काढला तर फार स्पष्ट दिसतं.

मी घेतलंय 'समडे माय प्रिन्स विल कम'. स्टँडर्ड होण्याची शक्यता ज्यात सगळ्यात कमी दिसते, असं हे गाणं. मुलांच्या कार्टूनपटातलं, तीन मात्रांचं, राजकुमाराची वाट पाहणाऱ्या मुलीचं.

डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात पहिल्यांदा दाखवला गेला. गाण्याची चाल फ्रँक चर्चिलची, शब्द लॅरी मोरीचे, आवाज एड्रियाना कॅसलॉटीचा. रात्री बुटक्यांच्या घरात स्नो व्हाइट त्यांना आपल्या राजकुमाराबद्दल सांगते आणि हे गाते. आवाज उंच, ऑपेराच्या वळणाचा, भरपूर कंप असलेला, मागे व्हायोलिनं. जॅझशी त्याचं दूरचंही नातं ऐकू येत नाही. चर्चिल १९४२ साली गेला. आपल्या चालीचं पुढे काय झालं ते त्याला ऐकायला मिळालं नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय हा प्रवास कळत नाही. बोलपट आल्यावर स्टुडिओंच्या लक्षात आलं की चित्रपट दोन महिन्यांत उतरतो, गाणं मात्र छापील स्वरलिपी, तबकड्या आणि रेडिओ यांतून वर्षानुवर्षं कमावतं. म्हणून वॉर्नर ब्रदर्सनं १९२९ मध्ये विटमार्क आणि हार्म्स या मोठ्या संगीत-प्रकाशन संस्था विकतच घेतल्या. डिस्नेकडे तेव्हा स्वतःचं प्रकाशन नव्हतं. स्नो व्हाइटची गाणी आयर्व्हिंग बर्लिनच्या नावाच्या संस्थेनं छापली आणि ते हक्क पुढे बोर्न कंपनीकडे गेले. प्रकाशकाचा धंदा एकाच गोष्टीवर चालतो: गाणं जितक्या जास्त लोकांनी वाजवावं तितकं बरं. त्यामुळे छापील प्रत अशीच तयार व्हायची की घरातल्या पियानोवर, हॉटेलातल्या बँडमध्ये, कुठेही ते बसावं. चाल, शब्द आणि वर कॉर्डांची, म्हणजे एकत्र वाजवायच्या तीन-चार स्वरांच्या जुळण्यांची, नावं. वाद्यमेळाचा सगळा साज गळून उरलेला हा सांगाडाच पुढे जॅझवाल्यांच्या हाती लागला.

दुसरा मुद्दा कायद्याचा. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एखादं गाणं एकदा तबकडीवर आलं, की पुढे कुणीही ते ध्वनिमुद्रित करू शकत असे. प्रत्येक तबकडीमागे दोन सेंट भरायचे, बस्स. हा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला. रचनाकाराची परवानगी मागावी लागत नव्हती, तो 'माझं गाणं असं वाजवू नका' म्हणून अडवूही शकत नव्हता. शिवाय कॉर्डांच्या नुसत्या क्रमावर कुणाचा हक्क मानला जात नसे. त्यामुळे बीबॉपच्या, म्हणजे चाळीसच्या दशकात आलेल्या वेगवान जॅझशैलीच्या, काळात वादक जुन्या गाण्याच्या कॉर्डांवर नवी चाल बांधून तिला नवं नाव देत; दोन सेंटही वाचत आणि चाल आपल्या नावावर लागे. १९४२ च्या 'आइसलँड' चित्रपटातलं 'देअर विल नेव्हर बी अनदर यू' घ्या. त्याच्या कॉर्डांवर पियानोवादक होरेस सिल्व्हरनं 'स्प्लिट किक' बांधलं. तो चित्रपट आज कुणाच्या आठवणीत नाही आणि गाणं जगभर रोज वाजतं. चित्रपट किती चालला यावर गाण्याचं स्टँडर्ड होणं फारसं अवलंबून नसतं, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मग अवलंबून कशावर असतं? सांगाड्यावर. तो पेटीवर बघू.

जॅझवाले हे गाणं बहुतेक वेळा बी फ्लॅटमध्ये वाजवतात, म्हणजे आपली काळी पाच. कारण व्यवहाराचं आहे: ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोन ही बी फ्लॅटची वाद्यं, त्यांच्या वादकांना ही पट्टी सी मेजरसारखी, एकही शार्प-फ्लॅट नसलेली दिसते. तेव्हा काळी पाच सा धरा. गाणं एकूण ३२ बारांचं, प्रत्येक बार तीन मात्रांचा, म्हणजे एक आवर्तन ९६ मात्रांचं. दादऱ्याच्या हिशोबात सोळा आवर्तनं. आठ-आठ बारांचे चार तुकडे. पहिला आणि तिसरा सारखे, दुसरा आणि चौथा वेगळे.

पहिल्या चार बारांचे कॉर्ड असे: बी फ्लॅट मेजर सेव्हन, डी सेव्हन शार्प फाइव्ह, ई फ्लॅट मेजर सेव्हन, जी सेव्हन शार्प फाइव्ह. नावं अवघड वाटली तर सरगम घ्या.

पहिला बार: सा ग प नी.
दुसरा: ग, कोमल ध, सा, रे.
तिसरा: म ध सा ग.
चौथा: ध, कोमल रे, म, प.
आणि पाचव्या बाराला रे म ध सा, म्हणजे सी मायनर सेव्हन.

एक-एक कॉर्ड तीन मात्रा धरून सावकाश वाजवा आणि सा वर कान ठेवा. पहिल्या तीनही कॉर्डांत सा आहे. स्वर तोच, पण पहिल्यांदा तो घर असतो, दुसऱ्यांदा त्याच्या खाली कोमल ध येऊन तो टोचायला लागतो, तिसऱ्यांदा खाली म येतो आणि तो पुन्हा निवांत होतो. नंतर हीच गोष्ट म ची होते: तिसऱ्या कॉर्डाचा पाया, चौथ्यात टोचणारा स्वर, पाचव्यात पुन्हा शांत. एकच स्वर जागेवर उभा आणि खालची जमीन सरकतेय. 'समडे' म्हणजे कधीतरी, या शब्दातली आशा आणि हुरहुर चर्चिलनं या दोन टोचण्यांत ठेवली आहे.

आणखी एक. दुसऱ्या बारातला डी सेव्हन कानाला सांगतो की आता जी मायनर येणार, म्हणजे ध सा ग. येतो तो म ध सा ग. अपेक्षित तीनही स्वर आलेत, फक्त त्यांच्या पायाखाली एक म सरकवलाय. फसवलं म्हणावं तर फसवलेलंही नाही. एकट्या सोलो वादकाला अशा जागा सोन्याच्या असतात: तो जी मायनर समजून वाजवला तरी जुळतं, ई फ्लॅट समजून वाजवला तरी जुळतं, आणि दोन्हींच्या मधे उभा राहिला तर सगळ्यात छान.

दुसऱ्या आठ बारांत खर्जाची, म्हणजे कॉर्डाच्या सगळ्यात खालच्या स्वराची, चाल बघा: ग, कोमल ग, रे, प. आणि पुन्हा तेच: ग, कोमल ग, रे, प. पायऱ्या उतरून पंचमावर थांबायचं, दोनदा. शेवटच्या आठ बारांत उलट, चढण. तिथे पहिल्यांदा कोमल नी लागतो (एफ मायनर सेव्हन, मग बी फ्लॅट सेव्हन), त्यानं घर क्षणभर म वर हलतं, आणि मग खर्ज म, तीव्र म, प असा अर्ध्या-अर्ध्या स्वरानं चढतो आणि पंचमावर उभा राहून सा चा कॉर्ड वाजतो. गंमत अशी की उतरणीतला कोमल ग वरचा डिमिनिश्ड कॉर्ड आणि चढणीतला तीव्र म वरचा डिमिनिश्ड कॉर्ड यांचे चारही स्वर एकच आहेत: कोमल ग, तीव्र म, ध, सा. उतरताना तो दार बंद करतो, चढताना तोच दार उघडतो. बदलतो फक्त खर्ज.

हे सगळं मी सविस्तर लिहिलं कारण स्टँडर्ड होण्याचं रहस्य इथे आहे. जॅझमध्ये सुरुवातीला एकदा चाल वाजवतात, मग चाल सोडून देतात आणि कॉर्डांचं हे आवर्तन फिरत राहतं. त्यावर एकेक वादक आपलं सांगतो. शेवटी पुन्हा चाल. चाल काढून घेतल्यावरही ज्याचं आवर्तन स्वतःच्या पायावर उभं राहतं, कुठे आलो हे कानाला सांगत राहतं आणि दर दोन बारांनी वादकापुढे एक नवा प्रश्न ठेवतं, तेच गाणं टिकतं. याच चित्रपटातलं 'हाय-हो' सगळ्या जगाला पाठ आहे. पण ते चालण्याच्या ठेक्याचं गाणं, त्याची गोडी ठेक्यात आणि शब्दात; चाल काढली की हातात फार थोडं उरतं.

हे गाणं १९३७ चं. जॅझमध्ये त्याला नीट जागा मिळाली ती मात्र वीस वर्षांनी. इतर गाण्यांना एवढा वेळ लागला नव्हता. जेरोम कर्नचं 'द वे यू लुक टुनाइट' १९३६ च्या 'स्विंग टाइम'मधलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टेडी विल्सननं बिली हॉलिडेला घेऊन ते ध्वनिमुद्रितही केलं होतं. फरक तीन मात्रांचा. तेव्हाच्या बँडांचं पोट नाचणाऱ्या जोडप्यांवर भरत होतं आणि नाच चार मात्रांवर चाले. वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा तो जुना नाच, आजी-आजोबांचा. जॅझमध्ये तीन मात्रा अगदीच नव्हत्या असं नाही. फॅट्स वॉलरचं 'जिटरबग वॉल्ट्झ' १९४२ चं आहे. पण ती अपवादाची गोष्ट. शिवाय ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीवर सुमारे तीनच मिनिटं मावत. तीन मात्रांचं गाणं आधी ऐकणाऱ्याच्या अंगवळणी पाडायचं आणि मग त्यावर सोलो करायचा, एवढी जागाच नव्हती.

१९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आणली आणि जागा मिळाली. पन्नाशीच्या मध्यावर मंडळी मुद्दाम तीन मात्रांकडे वळली. सॉनी रोलिन्सचं 'व्हाल्स हॉट' १९५६ चं, मॅक्स रोचनं १९५७ मध्ये तीन मात्रांच्याच रचनांचा आख्खा संच काढला. त्याच १९५७ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेकनं 'डेव्ह डिग्ज डिस्ने' केलं. पॉल डेझमंड अल्टो सॅक्सोफोनवर, नॉर्मन बेट्स डबल बेसवर, जो मोरेलो ड्रम्सवर. डिस्नेची गाणी घेऊन गंभीर जॅझ करायचं, याला तेव्हा धाडस लागलं असणार. त्या संचात स्नो व्हाइटमधली तीन गाणी आहेत: 'हाय-हो', 'वन साँग' आणि आपलं हे. तिघांना संधी सारखी मिळाली. पुढच्या वादकांनी उचललं ते हेच.

त्यांच्या आधी आणि नंतर अनेकांनी वाजवलं असलं तरी गाण्याचं नशीब दोन ध्वनिमुद्रणांनी ठरवलं.

पहिलं पियानोवादक बिल एव्हान्सचं, २८ डिसेंबर १९५९ चं, 'पोर्ट्रेट इन जॅझ'मधलं. स्कॉट लाफारो बेसवर, पॉल मोशन ड्रम्सवर. इथे वॉल्ट्झचा 'धम-चक-चक' गायब होतो. लाफारो प्रत्येक मात्रेवर पाऊल टाकत नाही. एव्हान्सच्या वाक्याला उत्तर देतो, मधेच गप्प बसतो, मधेच स्वतःचं वाक्य सुरू करतो. मोशन ठेका दाखवण्याऐवजी तो आहे असं गृहीत धरतो. तिघांच्याही मनात तीन मात्रा इतक्या पक्क्या आहेत की बोलून दाखवायची गरज उरत नाही. ऐकताना पायानं मात्रा धरा. सातव्या-आठव्या बाराला पाय चुकला तर समजा की ध्वनिमुद्रण बरोबर ऐकताय.

दुसरं माइल्स डेव्हिसचं, मार्च १९६१ मधलं, न्यूयॉर्कच्या कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओतलं. एव्हान्स १९५८ मध्ये माइल्सच्या बँडमध्ये होता, तेव्हा दोघांचे कान एकमेकांना ठाऊक होते. या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच शिकण्यासारखी आहे. पॉल चेंबर्स बेसवर एफ हा एकच स्वर धरून ठेवतो, म्हणजे पंचम. त्यावर विंटन केलीचा पियानो आणि जिमी कॉबचे ड्रम्स हळूच येतात. सा अजून आलेला नाही, घर दिसत नाही, फक्त उंबरा. मग हार्मन म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावलेला माइल्सचा ट्रंपेट चाल धरतो, अगदी कमी स्वरांत, जवळजवळ कानाशी. पंचमावर टांगून ठेवलेलं ते सगळं पहिल्या बाराला सा वर उतरतं तेव्हा जो सुटकेचा श्वास येतो, तो मूळ चित्रपटात नाही. ती या माणसांची भर.

मग हँक मोब्लीचा टेनर, केलीचा पियानो, पुन्हा माइल्स. आणि गाणं संपलं असं वाटत असताना जॉन कोल्ट्रेन येतो. तो वर्षभरापूर्वी बँड सोडून गेलेला, इथे पाहुणा. मोब्लीनं गोल, मऊ वाक्यांत सांगितलेलं तेच आवर्तन कोल्ट्रेन कडक, उभ्या स्वरांत, ग आणि ध वरच्या त्या टोचणाऱ्या कॉर्डांवर नेमकं बोट ठेवत सांगतो. एकाच गाण्यात, एकाच पट्टीत, दोन टेनरवाले इतके वेगळे. हे गाणं किती सोसू शकतं हे त्या एका तबकडीनं सगळ्यांना दाखवलं. नऊ मिनिटांचं ध्वनिमुद्रण. ७८ च्या काळात अशक्य.

योगायोग म्हणा, त्याच मार्चमध्ये कोल्ट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज' बाजारात आलं. तेही तीन मात्रांचं, तेही गोड रंगमंचीय गाण्यावरचं. एका महिन्यात दोन मोठ्या नावांनी वॉल्ट्झवर मोहोर उमटवली, मग कुठल्याही बँडला 'तीन मात्रांचं एक तरी हवं' असं वाटणं ओघानं आलं. विंटन केलीनं त्याच वर्षी हे गाणं स्वतःच्या गटासोबत पुन्हा केलं. पुढे चेट बेकरनं १९७९ मध्ये ड्रम्सशिवाय, गिटार आणि बेस घेऊन वाजवलं; कीथ जॅरेटच्या त्रिकुटानं २००२ मध्ये.

इथून पुढे एक महत्त्वाचा बदल होतो. नवा वादक गाणं शिकतो ते माइल्सच्या किंवा एव्हान्सच्या तबकडीवरून. चित्रपट त्यानं पाहिलेलाही नसतो. आपल्याकडे नाट्यपदांचं हेच झालं. 'स्वयंवर' हे १९१६ चं नाटक, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पण त्यातलं पद मैफलीच्या शेवटी घेणाऱ्या गवयाला आणि ऐकणाऱ्याला नाटकातला प्रवेश आठवावा लागत नाही. पद प्रवेशापासून सुटलं म्हणून शंभर वर्षं टिकलं. हे गाणंही तसंच राजकुमारापासून सुटलं. १९७० च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या आसपास 'रियल बुक' नावाचं बेकायदा वही-पुस्तक फिरू लागलं आणि अशा गाण्यांचे एका-एका पानाचे सांगाडे सगळीकडे पोचले. त्याची कायदेशीर आवृत्ती यायला २००४ साल उजाडलं. या पुस्तकांचा उपयोग मोठा, धोकाही तेवढाच. छापलेला कॉर्ड म्हणजे कुणीतरी कुठल्यातरी तबकडीवरून उतरवलेला कॉर्ड. दोन वादक दोन पुस्तकांतून शिकून आले की सातव्या बारावर एकाचा सी मायनर आणि दुसऱ्याचा सी सेव्हन, म्हणजे एकाचा शुद्ध म आणि दुसऱ्याचा तीव्र म, अशी टक्कर ठरलेली. सुरू करण्याआधी एवढं एक वाक्य बोलून घ्यावं.

वाजवायला बसणाऱ्यांसाठी अजून काही.

लय मिनिटाला १४० ते १६० मात्रा ठेवा. १४४ ला एक आवर्तन बरोबर चाळीस सेकंदांत होतं. ११० च्या खाली गेलात की गाणं ओढलं जातं, १९० च्या वर गेलात की ते टोचणारे स्वर ऐकूच येत नाहीत. मोजून देताना दोन पूर्ण बार द्या, एकात तीन मात्रांचा भाव बसत नाही.

बेसवाल्यानं पहिल्या चाल-फेरीत दर बाराला एकच लांब स्वर द्यावा, सोलो तापला की मग तीनही मात्रांवर चालावं. पहिल्यापासून तीनही मात्रा ठोकल्या की लग्नाच्या बँडचा वॉल्ट्झ होतो. ड्रमरनं हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटायची झांजांची जोडी, दुसऱ्या मात्रेवर ठेवला तर गाणं पुढे झुकतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्हींवर ठेवला तर जागच्या जागी डुलतं. दोन्ही चालतं, पण आळीपाळीनं नको.

सगळ्यात जास्त घोळ नवव्या ते सोळाव्या बारात होतो. चार बारांचा तुकडा दोनदा येतो आणि सोलोच्या नादात पहिला की दुसरा हे विसरतं. उपाय एकच: पियानोवाल्यानं दुसऱ्या वेळेस कॉर्ड वरच्या सप्तकात न्यावा, सगळ्यांना खूण मिळते.

दुसऱ्या आणि चौथ्या बारातल्या शार्प फाइव्हकडे दुर्लक्ष करू नका. डी सेव्हनचा नेहमीचा पाचवा स्वर ए, म्हणजे आपला शुद्ध नी. पियानोवाला सा वाजवतोय आणि सोलोवाला नी वर रेंगाळतोय, तर अर्ध्या स्वराचं घर्षण कानाला चुकीसारखं लागतं. नी वरून पटकन सा वर गेलात तर तेच घर्षण अलंकार होतो. अडलात तर या कॉर्डावर पूर्ण स्वरांची शिडी वापरा: ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी, सा, रे. जी सेव्हनवर: ध, नी, कोमल रे, कोमल ग, म, प. मात्र दर आवर्तनात चारही ठिकाणी हीच शिडी लावली की ऐकणारा कंटाळतो.

ड्रम्सबरोबर सवाल-जवाब करायचे तर चारऐवजी आठ बारांचे करा. तीन मात्रांचे चार बार म्हणजे बाराच मात्रा, त्यात वाक्य पुरं होत नाही. आणि पंचमावरची सुरुवात माइल्ससारखी करणार असाल तर किती बार ते आधी ठरवा, आठ म्हणजे आठ. 'मी मान हलवली की' हा करार निम्म्या वेळा फसतो, कारण त्या क्षणी ड्रमर झांजांकडे बघत असतो.

मुंबई आणि गोव्याचा धागा इथे खरोखर जुळतो, म्हणून थोडं त्याबद्दल. ताजमहाल हॉटेलात तीसच्या दशकात टेडी वेदरफोर्डसारखे अमेरिकन वाजवत, आणि पुढे गोव्याच्या वादकांनी ती जागा भरली. गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळांत स्वरलिपी लहानपणीच शिकवली जाई, त्यामुळे छापील कागद समोर आला की ही मंडळी तयार. रात्री हॉटेलात अमेरिकन चित्रपटगीतं, दिवसा स्टुडिओत हिंदी चित्रपटगीतं. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आणि आपले सी. रामचंद्र यांनी मिळून 'अलबेला'त (१९५१) काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चिक आणि त्याचा बँड त्यात पडद्यावरही दिसतात.

मग त्याच वादकांनी हिंदी गाण्यांची स्टँडर्ड्स का केली नाहीत? माझ्या मते कारणं याच लेखात वर आली आहेत. आपल्या गाण्याचा विकत मिळणारा एकपानी सांगाडा नव्हता. अरेंजरनं हातानं लिहिलेले भाग त्या ध्वनिमुद्रणापुरते असत. आपलं गाणं मुखडा, तीन अंतरे आणि मधले वाद्यमेळाचे तुकडे असं बांधलेलं. ते तुकडे काढले तर गाणं तुटतं, ठेवले तर आवर्तन होत नाही. आणि चाल रागाच्या अंगानं आलेली असल्यामुळे कॉर्ड नंतर, तिला आधार म्हणून लागलेले. चाल काढल्यावर नुसते तेच फिरवले तर फार वेळ धरून ठेवत नाहीत. आपल्या चालींचं बळ चालीतच आहे, आणि ती खुलवायची आपली रीत वेगळी आहे. तरीही दोन-चार गाणी अशी असतील की ज्यांचा खर्ज स्वतः गातो. ती शोधून त्यांचे ३२ बार बांधायचं काम कुणी तरुणानं मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

ऐकायचा क्रम: आधी चित्रपटातलं, कॅसलॉटीच्या आवाजातलं. मग ब्रुबेक, मग एव्हान्स, मग माइल्स. माइल्सचं सुरू झालं की पेटी जवळ घ्या, काळी पाच सा, आणि डाव्या हातानं बेसबरोबर नुसता पंचम धरून ठेवा. चाल सुरू झाली तरी सोडू नका. पहिल्या आठ बारांतल्या जवळजवळ प्रत्येक कॉर्डाला तो पंचम कसा वेगळा लागतो ते बोटाखाली कळतं: पहिल्यात आपला, दुसऱ्यात परका, चौथ्यात पुन्हा आत घेतलेला, आणि आठव्या बाराला, एफ सेव्हनवर, तोच यजमान.